वाट विचारायची कुणाला

मोटारसायकलच्या हँडलवर लावायचं, वाट दाखवणारं जीपीएसचं यंत्र घ्यायचं म्हणतेय, असं बोलून दाखवलं तेव्हा घरात आणि दुकानात एकच उत्तर मिळालं : मोबाईल आहे की! साताऱ्यात माझं औषधांचं दुकान आहे आणि काउंटरवर कोपर टेकून सल्ला देणाऱ्यांची तिथे कधी टंचाई नसते. शुगरच्या गोळ्या न्यायला आलेल्या एका काकांनी तर खिशातून फोन काढून मला सातारा ते पुणे रस्ता उघडून दाखवला. "ही बघ, निळी रेघ." सातारा-पुणे. हा रस्ता ठरवून चुकायचा म्हटलं तरी चुकता येत नाही.

मला ते हवं होतं दुसऱ्या रस्त्यांसाठी. रविवारी शटर उघडायचं नाही, पहाटे साडेतीनशे सीसीची गाडी काढायची आणि वर पठारावर, नाहीतर कुंभार्लीचा घाट उतरून खाली कोकणात जायचं, हा माझा सहा वर्षांचा शिरस्ता. बहुतेक वेळा एकटीनं. या सगळ्या खरेदीच्या मुळाशी हा शेवटचा शब्द होता, पण ते कळायला वेळ लागला. तोवर मी पडदा किती इंची, बॅटरी किती तास, पाण्यात किती वेळ टिकतं, असे तक्ते करत बसले होते.

पहिली तीन वर्षं मोबाईलच होता. मोबाईल वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. दुचाकीसाठी वेगळा रस्ता सुचवायची सोय गूगल मॅप्सनं डिसेंबर २०१७ मध्ये आणली ती पहिल्यांदा आपल्याकडेच. नकाशा ताजा असतो, पुढे कुठे खोळंबा झालाय ते कळतं. पण फोन खिशासाठी जन्माला आलाय, हँडलसाठी नाही. एका सिलिंडरच्या गाडीचं हँडल कसं थरथरतं ते चालवणाऱ्याला सांगायला नको. उंब्रज येईपर्यंत तळहाताला मुंग्या येतात. त्याच हँडलवर क्लॅम्पमध्ये आवळलेल्या फोनच्या कॅमेऱ्यात एक भिंग असतं, आपला हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून तरंगतं ठेवलेलं. अ‍ॅपलनं सप्टेंबर २०२१ मध्ये लेखी सांगून टाकलं की जोरकस इंजिनाच्या मोटारसायकलींची थरथर हँडलमधून या कॅमेऱ्यांना बाधू शकते. मी ते वाचलं तेव्हा माझ्या फोनचा, म्हणजे दुसऱ्याच एका कंपनीच्या फोनचा, कॅमेरा जाऊन महिना झाला होता. कासच्या फुलांचे फोटो पाण्याखालून काढल्यासारखे आले होते. दुरुस्तीवाल्या पोरानं फोन कानाशी धरून हलवला आणि विचारलं, "ताई, गाडीवर लावता काय?" आत काहीतरी खुळखुळत होतं.

मग रबरी गादीचा डॅम्पर आला, तो क्लॅम्पखाली बसला. थरथर कमी झाली. पण मे महिन्यात कोयनानगरच्या पुढे फोनचा पडदा हळूहळू काळवंडला आणि थंड होऊ द्या असं सांगून मिटला. ऊन वरून, चार्जिंग खालून, आणि उन्हात दिसावं म्हणून उजेड पूर्ण लावलेला. तीन बाजूंनी शिजवल्यावर दुसरं काय होणार. आणि पावसाळ्यात तर कहर. या पडद्यांना बोटातून जाणारी बारीकशी वीज कळते, पाणीही वीज वाहून नेतं, त्यामुळे थेंब पडला तरी त्याला वाटतं बोट टेकलं. एकदा ठोसेघरच्या अलीकडे पावसानं माझा नकाशा असा ओढत नेला की मी थांबून पाहिलं तर सगळा पडदा निळा. अरबी समुद्र. मी त्यात मध्यभागी उभी.

तेव्हा खास मोटारसायकलींसाठीच्या यंत्रांकडे वळले. या दुनियेतलं मोठं नाव गार्मिन. १९८९ साली गॅरी बरेल आणि मिन काव या दोघांनी अमेरिकेत सुरू केलेली कंपनी. गॅरीचा गार आणि मिनचा मिन. आपल्याकडे 'सुरेश-रमेश ट्रेडर्स' असतं तसंच, फक्त जोडून लिहिलेलं. त्यांची झुमो ही मालिका मोटारसायकलवाल्यांसाठी. २०२० साली आलेल्या झुमो एक्सटीला साडेपाच इंची पडदा, भर उन्हात वाचता येईल असा, आणि अमेरिकेत तेव्हा किंमत पाचशे डॉलर. दुसरी डच टॉमटॉम, तिची रायडर मालिका. या यंत्रांचा दर्जा सांगताना 'आयपीएक्स सात' असं लिहिलेलं असतं. म्हणजे मीटरभर खोल पाण्यात अर्धा तास राहिलं तरी आत पाणी शिरत नाही. आपल्या जुलैला हे पुरतं. हातमोजा घालून पडदा दाबता येतो. वीज थेट गाडीच्या बॅटरीतून येते, त्यामुळे चार्जिंगच्या फटीत पाणी गेल्याची तक्रार नाही.

टॉमटॉमच्या रायडरमध्ये आणखी एक गंमत आहे. रस्ता किती वळणांचा हवा आणि किती चढउतारांचा हवा, हे पायरी पायरीनं ठरवता येतं. सपाट देशात राहणाऱ्या माणसांनी वळणांची तहान भागवायला काढलेली युक्ती. सह्याद्रीत उलटं बटण हवं : एखादा सरळ रस्ता असेल तर दाखवा.

माझी एक मैत्रीण आहे, तिच्या मुलीनं न्यू जर्सीहून असंच एक यंत्र पाठवलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक निम्मी आमचीच होती. आम्ही ते दिवाळीच्या सुट्टीत माझ्या गाडीला जोडलं, चालू केलं, उपग्रह सापडले, आणि पडद्यावर आमचा बाण एका ओसाड माळावर उभा राहिला. पुणे-बंगळूर महामार्गाची एक रेघ, बाकी काही नाही. सातारा शहर नाही, अजिंक्यतारा नाही, माझं दुकान नाही. अमेरिकेत विकलेल्या यंत्रात तपशीलवार नकाशा अमेरिकेचा; भारताचा वेगळा विकत घ्यायचा किंवा स्वतः चढवायचा, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही वाचलंही नव्हतं. मैत्रीण म्हणाली, "लेकीकडे गेल्यावर वापरीन." तिच्याकडे तिथे गाडी नाही.

मी मात्र त्या रात्री बसून ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा मेमरी कार्डावर घेतला. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा उपक्रम. जगभरातली माणसं फुकट आपापले रस्ते काढत बसतात. तो नकाशा चढवल्यावर ओसाड माळावर सातारा उगवला. आमच्या मागच्या बोळाची वाकडी रेघसुद्धा होती. कुणीतरी, कधीतरी, कशासाठी कोण जाणे, आमचा बोळ काढून ठेवला होता. मी ती रेघ बराच वेळ बघत बसले. नंतर यंत्र परत केलं, पण नकाशाचा नाद लागला तो तिथे.

मधल्या काळात तक्त्यातल्या इंचांवरचा माझा विश्वास उडाला. हिशेब साधा आहे. ताशी साठनं चाललेली गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते. पडद्यावर गाव, पेट्रोल पंप, वेग, उंची, पुढचं वळण असं सगळं नांदत असेल तर त्यातलं आपलं शोधायला दोन सेकंद सहज जातात. म्हणजे तेहतीस मीटर मी डोळे मिटून गेल्यासारखी गेले. घाटातलं एक अख्खं वळण तेवढ्यात येऊन संपतं, आणि वळणापलीकडे म्हशी असतात. मोठा पडदा नीट दिसतो हे खरं, पण म्हणून तो जास्त बघितलाही जातो. रॉयल एनफिल्डनं २०२० मध्ये मीटिऑर या गाडीवर ट्रिपर नावाची जी छोटी गोल तबकडी दिली, तिची रायडर मंडळींनी थट्टा केली, कारण तिच्यात नकाशाच नाही. एक बाण आणि अंतर, झालं. लंडनच्या बीलाइननंही असंच होकायंत्रासारखं बिल्ल्याएवढं यंत्र काढलंय. मी दोन्ही दुसऱ्यांच्या गाड्यांवर चालवून पाहिली आणि मला थट्टा करावीशी वाटली नाही. अर्ध्या सेकंदात कळतं, डावीकडे, चारशे मीटर. दोन्हींना मागे फोन चालू लागतो, ही उणीव आहेच.

(याच एनफिल्डच्या आयशर समूहानं एके काळी कागदी रोड अ‍ॅटलास छापले होते. माझ्याकडचा अजून आहे, महाबळेश्वरच्या पानावर चहाचा डाग पडलेला. नकाशातला तोच एक भाग मला पाठ आहे.)

आता एका पवनचक्कीची गोष्ट.

ऑगस्ट महिना. सज्जनगड, ठोसेघर, चाळकेवाडीचं पठार आणि तिथून पाटणकडे उतरायचं, असा बेत. चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांचं रान आहे, आणि प्रत्येक पवनचक्कीपर्यंत सामान न्यायला केलेला एकेक रस्ता. नकाशाच्या दृष्टीनं रस्ता तो रस्ता. तो गावाला जातो की खांबाला, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. फोनमधल्या अ‍ॅपनं मला 'अकरा मिनिटं लवकर' असा एक रस्ता सुचवला. धुकं इतकं की पुढच्या चाकाच्या पलीकडे दूध. आवाज सांगत होता, सरळ जा. सरळ गेले. डांबर संपलं, मुरूम लागला, मुरूम संपला आणि समोर पांढरा गोल खांब, माझ्या घराच्या हॉलएवढ्या घेराचा. वरचं पातं दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. दर दोन-तीन सेकंदांनी डोक्यावरून कुणीतरी मोठी चादर झटकावी तसं. आवाज अजूनही म्हणत होता, सरळ जा.

खांबाच्या आडोशाला प्लास्टिकचा कागद पांघरलेला एक माणूस उभा होता. राखणदार.

"कुणीकडं?"

"पाटणला."

"एकट्याच?"

मी गेली कित्येक वर्षं या प्रश्नाचं एकच उत्तर देते. तोंडात तयारच असतं. "नाही, पुढे गेलेत चौघं. मी जरा मागे पडले."

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पुढं कोन गेलं न्हाई. सकाळधरनं तुमचीच गाडी आली."

वर चादर झटकली गेली. मी गाडी बंद केली नव्हती, क्लच दाबून धरलेला. त्यालाही बहुधा तो हात दिसला असावा. तो जागचा पुढे आला नाही, उलट मला वळायला जागा व्हावी म्हणून चार पावलं मागे सरला आणि तिथूनच, पात्याच्या आवाजावर आवाज चढवून, म्हणाला, "मागं जावा. खांबावरचं नंबर बघत जावा. आकडा कमी कमी होत गेला की बरोबर चाललाय. वाढायला लागला की थांबायचं, वळायचं. डांबरी लागंल."

लागली. वीसेक मिनिटं मी खांबांवरचे रंगवलेले आकडे वाचत गेले. प्रत्येक खांब धुक्यातून शेवटच्या क्षणी बाहेर यायचा. हँडलवरचा आवाज मी बंद केला होता.

त्या रात्री घरी हेल्मेट पुसताना माझ्या लक्षात आलं की मला यंत्र कशासाठी हवंय. वाट सापडावी म्हणून नाही. वाट तर शेवटी माणसंच सांगतात. मला वाट विचारावी लागू नये म्हणून हवंय. टपरीपाशी थांबायचं, हेल्मेट काढायचं, आणि काढल्यावर तिथल्या चार माणसांचे चेहरे बदलताना बघायचं. बाई आहे होय. मग रस्त्याच्या आधी तोच प्रश्न. आमच्या रायडर ग्रुपातल्या पुरुषांना हे सांगितलं की ते म्हणतात, विचारलं तर काय झालं, लोक चांगले असतात. असतात. राखणदार चांगलाच होता. पण चांगला आहे हे कळतं नंतर, आणि प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं आधी.

म्हणून मला जीपीएसमधली एक जुनीच गोष्ट नव्यानं आवडली. हे यंत्र उपग्रहाशी बोलत नाही, त्याचं फक्त ऐकतं. वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपापली वेळ आणि ठिकाण सतत सांगत असतात; यंत्र त्यातल्या निदान चारांचं ऐकतं आणि कोणाचा आवाज किती उशिरा पोचला यावरून स्वतःची जागा काढतं. आपण कुठे आहोत हे उपग्रहाला कळतच नाही. १ मे २००० च्या मध्यरात्रीपर्यंत अमेरिका सामान्य माणसांसाठी या संदेशांत मुद्दाम गोंधळ घालत असे, शंभर मीटरपर्यंत चूक यायची. तो थांबला आणि मगच हँडलवरच्या या सगळ्या बाजाराला अर्थ आला. वाट विचारायची, पण विचारलेलं कुणालाच कळू द्यायचं नाही, अशी सोय बाईमाणसाला याआधी कधी मिळाली होती? फोनमधलं नेट चालू असलं की अ‍ॅपवाल्यांना आपला पत्ता कळतो, ते निराळं. मला त्यांची भीती वाटत नाही. ते टपरीवर बसत नाहीत.

(उपग्रहाला उलट संदेश पाठवणारी यंत्रंही मिळतात, संकटात बटण दाबायची. ती मात्र परवानगीशिवाय आपल्या देशात बाळगता येत नाहीत, परदेशी पाहुणे त्यापायी विमानतळावर अडकलेले आहेत. कुणी भाचा-पुतण्या बाहेरून आणणार असेल तर आधी हे बघा. नुसतं ऐकणारं चालतं.)

नेट नाही म्हणजे जीपीएस नाही, हा गैरसमज तेव्हाच गळून पडला. नेट लागतं नकाशाला. नकाशा आधीच उतरवून ठेवला असेल तर कोयनेच्या त्या काठालाही बाण हलतो. फक्त सकाळी पहिल्यांदा जागा सापडायला, नेट नसेल तर, अर्ध्या मिनिटापासून काही मिनिटं लागतात, कारण उपग्रहांचं वेळापत्रक त्यांच्याकडूनच सावकाश ऐकून घ्यावं लागतं. तेवढ्यात चेनला तेल देऊन होतं. आणि घाटात, उंच कड्याच्या पोटात, संदेश कातळावर आपटून येतात. बाण नागमोडी वळणाच्या वरच्या फेऱ्यातून एकदम खालच्या फेऱ्यात उडी मारतो. अशा वेळी त्याच्याकडे बघायचं नाही.

शेवटी काय घेतलं? काहीच नाही. जुना फोन, ज्याच्या कॅमेऱ्याला ते तरंगतं भिंग नाही, डॅम्परवर बसवला; त्यात सिम नाही. गॅरेजवाल्या दादांनी फ्यूज टाकून चावीवरून वीज दिली, म्हणजे गाडी बंद झाली की वायर मेली. ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं ऑफलाइन अ‍ॅप. वर एक पारदर्शक टोपी, पावसाची. सगळ्यात महत्त्वाचा बदल म्हणजे 'जवळचा रस्ता' मागायचं सोडलं. आदल्या रात्री मीच रस्ता काढते आणि ट्रॅक म्हणून चढवते. रूट आणि ट्रॅक यातला फरक मी ग्रुपात सगळ्यांना सांगून सांगून कंटाळवाणी झालेय : रूट चुकला की यंत्र स्वतःच्या मनानं नवा काढतं, ट्रॅक ही नुसती रेघ, ती आपल्याला सोडून जाऊ देते आणि गप्प बसते. अकरा मिनिटं वाचवायला येत नाही.

ज्यांना लडाखला महिनाभर जायचंय, ज्यांना खर्च परवडतो, त्यांनी झुमो घ्यावं. मला मोह होतोच. रविवारच्या कुंभार्लीसाठी नाही.

आणि चिठ्ठी. बाबांच्या येझदीच्या टाकीवर रबराच्या पट्टीखाली चिठ्ठी असायची, त्यांच्या तिरप्या अक्षरात : उंब्रज, चाफळ फाटा सोडून द्यायचा, मल्हारपेठ, पाटण. 'सोडून द्यायचा' हे ते नेहमी लिहीत, कुठे वळायचं त्याच्याइतकंच कुठे वळायचं नाही तेही. मी टँक बॅगच्या वरच्या कप्प्यात तशीच चिठ्ठी ठेवते. दाभोळ-धोपाव्याची, वेशवी-बागमांडल्याची फेरीबोट लागणार असेल तर वेळही त्यावरच, कारण नकाशा खाडीवरून रेघ मारून मोकळा होतो, शेवटची बोट गेली का ते त्याला ठाऊक नसतं.

हल्ली आणखी एक झालंय. कधीमधी मी मुद्दाम थांबून विचारते, तर समोरचा म्हणतो, "मॅप लावा की." टपरीवरच्या पोरांनाही आता पुढच्या गावाचा रस्ता सांगायचा कंटाळा येतो.

मागच्या रविवारी मल्हारपेठच्या अलीकडे एका फाट्यावर पाणी प्यायला थांबले. शेडमध्ये एक आजी बसलेल्या, पायाशी पिशवी, पिशवीतून शेवग्याच्या शेंगा डोकावतायत. त्यांनी माझ्याकडे, गाडीकडे आणि हँडलवरच्या उजळलेल्या पडद्याकडे नीट बघून घेतलं.

"एकटीच हाय काय गं?"

तोंडात आलेले चौघं मी गिळले. "हो."

"बरं झालं." त्या सरकून उठल्या आणि चष्मा सावरत पडद्यापाशी आल्या. "मग एवढं बघून सांग. पाटणची एष्टी कुठवर आली, दिसती का त्यात?"

नव्हती दिसत.